सुरगाठ की निरगाठ? : सौम्य लसीकार्बुदांचे प्रतिमानिदान आणि अहवालाचे वाचन

प्रस्तावना

दोऱ्याला पडणाऱ्या गाठीसाठी मराठीत दोन वेगळी नावे आहेत. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि ओढावी तसतशी आवळत जाते ती निरगाठ. शरीरातील गाठीसाठी मात्र रोजच्या बोलण्यात असा भेद उरलेला नाही. मानेत बोटाला लागणारी वाटाण्याएवढी सूज असो, छातीच्या क्ष-किरण चित्रात अवचित दिसलेली मुठीएवढी छाया असो किंवा कर्करोगाचे सिद्ध झालेले अर्बुद असो, घरात उच्चारला जाणारा शब्द ‘गाठ’ हाच असतो. त्या शब्दामागून येणारी भीतीही एकच असते.

लसीका ऊतकाच्या विरळा आढळणाऱ्या सौम्य वाढी वैद्यकीय प्रतिमांच्या साहाय्याने कर्करोगापासून कितपत वेगळ्या ओळखता येतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या संदर्भात सोनोग्राफी, सीटी, एमआरआय व पेट-सीटी या तंत्रांची क्षमता वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ चर्चिली गेली आहे. तथापि या प्रतिमांना जोडून येणारा लेखी अहवाल कसा वाचला जातो आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात त्या वाचनाला कोणता संदर्भ लाभतो, याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. चित्र आणि त्याचा अर्थ यांतील अंतर हा मुळात समीक्षेचा विषय असल्याने या प्रश्नाकडे भाषेच्या बाजूनेही पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

परिभाषेचा प्रश्न

जुन्या वैद्यकाने हा भेद अगदीच दुर्लक्षिला होता असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांचा एकत्रित विचार करतो. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या विकृती एकाच अध्यायात शेजारी ठेवून त्यांच्यातील फरक सांगणे ही पद्धत आजच्या भेददर्शी निदानाच्या फार जवळची आहे. अपची पिकते, फुटते, पुन्हा उद्भवते. अर्बुद मोठे, स्थिर, हळू वाढणारे आणि न पिकणारे असते, असा निकष तेथे दिसतो. तो हाताच्या व डोळ्यांच्या पुराव्यावर आधारलेला आहे, कारण त्या काळी दुसरा पुरावा उपलब्ध नव्हता.

लोकभाषेतही शब्द होते. मानेतील क्षयजन्य ग्रंथींच्या माळेला ‘गंडमाळा’ म्हणत. पायाला जखम झाली की जांघेत येणाऱ्या सुजेला ‘अवधाण’ म्हणत. अवधाण हा शब्द तर विशेष मोलाचा आहे. मूळ दुखणे अन्यत्र आहे आणि ही सूज केवळ त्याची प्रतिक्रिया आहे, एवढे शरीरशास्त्र त्या एका शब्दात सामावलेले आहे. लसीकाग्रंथींची प्रतिक्रियात्मक वाढ ही संज्ञा आज ज्या अर्थाने वापरली जाते, त्याचेच हे देशी नाव होय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि रेल्वे प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपून पाहण्याचे सत्र सुरू झाले. त्यानंतर गाठ म्हणजे मृत्यूची खूण हा अर्थ रूढ झाला. कर्करोगाने पुढे त्याच अर्थाचा वारसा घेतला. गंडमाळा आणि अवधाण हे शब्द शहरी बोलीतून हळूहळू मागे पडले आणि ‘गाठ’ हा भीतीने भरलेला शब्द तेवढा उरला.

परिभाषेने ही उणीव भरून काढली काय? ‘अर्बुद’, ‘सौम्य’, ‘मारक’, ‘लसीका’ हे पर्याय शास्त्रीय लेखनात स्थिरावले असले तरी रुग्णालयाच्या दारापर्यंत ते पोहोचले नाहीत. शिवाय ‘सौम्य’ हा शब्दही जपून वापरावा असाच आहे. पुढे ज्या विकृतीची चर्चा येणार आहे तिचा एक प्रकार शस्त्रक्रियेने सहसा कायमचा बरा होतो, तर दुसरा प्रकार पेशींच्या दृष्टीने कर्करोग नसूनही प्राणघातक ठरू शकतो. सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असा सरळ अर्थ येथे लागू पडत नाही.

कॅसलमन यांची नोंद

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये या विकृतीचा एक रुग्ण नोंदवला आणि १९५६ मध्ये सहकाऱ्यांसह १३ रुग्णांवरील लेख प्रसिद्ध केला. त्या लेखाचे शीर्षकच लक्षणीय आहे. छातीच्या मध्यभागातील लसीकाग्रंथींची ‘थायमोमासारखी दिसणारी’ स्थानिक वाढ, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या विकृतीला वैद्यकात पहिली ओळख मिळाली तीच दुसऱ्या कशासारखी तरी दिसणारी म्हणून. स्वतःचे रूप नसलेली, सोंग घेणारी गाठ अशीच तिची ख्याती पुढेही राहिली.

१९७२ मध्ये केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत स्वतः कॅसलमनही होते, ८१ रुग्णांचा अभ्यास मांडून सूक्ष्मदर्शकाखालील दोन रूपे वेगळी केली. पहिल्या, काचाभ-वाहिनीय रूपात ग्रंथीतील पुटके आक्रसलेली असतात, त्यांच्याभोवती लसीकापेशींची वलये कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचलेली असतात आणि रक्तवाहिन्या विपुल असतात. दुसऱ्या रूपात प्लाझ्मा पेशींचा भरणा असतो. पुढे एकाच जागी होणारा आणि अनेक जागी पसरणारा असे आणखी विभाजन झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यात बहुस्थानी प्रकारातील काही रुग्णांत मानवी हर्पिस विषाणू-८ सापडला. विषाणूशी संबंध नसलेल्या बहुस्थानी प्रकारासाठी निदानाचे निकष निश्चित होण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले. इंटरल्यूकिन-६ या द्रव्याला रोखणारे सिल्टुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाले होते. म्हणजे औषध आधी मान्य झाले आणि निदानाची सर्वमान्य व्याख्या नंतर आली. वैद्यकाच्या इतिहासात असा उलटा क्रम अपूर्व नाही, परंतु तो विचार करण्याजोगा आहे.

याच कुळात आणखी दोन नावे येतात. १९६९ मध्ये रोझाई व डॉर्फमन यांनी वर्णिलेल्या विकृतीत मानेच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या, बहुधा न दुखणाऱ्या ग्रंथी वाढतात. १९७२ मध्ये जपानमध्ये किकुची व फुजिमोतो यांनी स्वतंत्रपणे नोंदवलेली विकृती प्रामुख्याने तरुण स्त्रियांत ताप व मानेतील ग्रंथी या रूपाने येते आणि काही महिन्यांत बहुधा आपोआप मावळते. तिला सूक्ष्मदर्शकाखालीही लिम्फोमा समजण्याची चूक होऊ शकते. जिथे ऊतक प्रत्यक्ष हाती असताना तज्ज्ञाची गफलत होऊ शकते, तिथे केवळ छायेवरून निर्णय देण्याची घाई किती धोक्याची आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

छायेचे व्याकरण

प्रतिमा काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे येथे नेमकेपणाने पाहणे आवश्यक आहे. सोनोग्राफीत निरोगी लसीकाग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते आणि तिच्या नाभीशी मेदाची उजळ रेघ असते. ग्रंथी गोल होणे, ती रेघ नाहीशी होणे आणि रक्तप्रवाह नाभीऐवजी कडेने येऊ लागणे या मारकतेकडे झुकणाऱ्या खुणा मानल्या जातात. सीटीमध्ये रक्तात रंगद्रव्य सोडल्यावर एकस्थानी कॅसलमन विकृतीची काचाभ-वाहिनीय गाठ झळाळून उठते. कडा रेखीव, आत उजळणी सारखी आणि कडेला तिला रक्त पुरवणाऱ्या ठळक वाहिन्या, असे तिचे नमुनेदार चित्र असते. लिम्फोमा सामान्यतः इतका झळाळत नाही. येथवर भेद सुकर वाटतो. परंतु थायमोमा, मज्जातंतूंजवळील वाहिनीबहुल अर्बुदे आणि काही कर्करोगांचे दुय्यम प्रसार हेही असेच झळाळतात. उलट प्लाझ्मा-पेशीय प्रकारातील ग्रंथी बेताच्याच उजळतात आणि लिम्फोमाच्या अगदी शेजारी जाऊन बसतात. एमआरआयने रक्तवाहिन्या व पेशींची दाटी यांविषयी अधिक तपशील मिळतो, मात्र पेशींची दाटी दोन्ही गटांत असल्याने मूळ प्रश्न सुटत नाही.

पेट-सीटीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण सामान्य वाचकाच्या मनावर सर्वांत मोठा प्रभाव याच चाचणीचा आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली मेडिकल सायक्लोट्रॉन व देशातील पहिले पेट यंत्र सुरू झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत ही सेवा ठाणे परिसरापर्यंत आली. यात फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने सायक्लोट्रॉनपासून यंत्रापर्यंतचा रस्ता किती वेळ घेतो यालाही महत्त्व येते. वाहतूक कोंडीत दोन तास अडकलेले औषध निम्म्याहून अधिक तीव्रता गमावून बसते. (आरोग्यसेवेच्या चर्चेत घोडबंदर रस्त्याचाही विचार व्हावा तो असा.) ज्या पेशी अधिक साखर ओढतात त्या चित्रात उजळ दिसतात. कर्कपेशी साखर ओढतात हे खरे. परंतु दाह असलेल्या जागी जमलेल्या भक्षकपेशीही ती ओढतात. यंत्र साखरेचा वापर मोजते. तो वापर कोणत्या हेतूने होत आहे, हे यंत्राला कळत नाही.

या उजळपणाला एक आकडा दिला जातो आणि तो आकडा अहवालात छापून येतो. कॅसलमन विकृतीत तो सहसा कमी ते मध्यम असतो आणि आक्रमक लिम्फोमात मोठा असतो; तथापि मंदगती लिम्फोमात तोही कमीच असू शकतो. आकडा दहाच्या वर गेल्यास आक्रमक लिम्फोमाची शक्यता बळावते, अशी सीमारेषा २००५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासातून पुढे आली. ती उपयुक्त आहे. मात्र तो अभ्यास आक्रमक व मंदगती लिम्फोमा यांच्यातील भेदाचा होता. त्यातील रुग्णांना लिम्फोमा आहे हे आधीच ठाऊक होते. गाठ कर्करोगाची आहे की क्षयाची, हा प्रश्न त्या अभ्यासापुढे नव्हताच. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावणे ही वाचनातील चूक आहे आणि ती उसन्या आकड्यांच्या बाबतीत सहज घडते.

क्षय नावाचा तिसरा पक्ष

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि फुप्फुसाबाहेरील क्षयात लसीकाग्रंथींचा क्षय हा वारंवार आढळणारा प्रकार आहे. भिवंडीची यंत्रमागांची वस्ती, मुंब्रा-कळव्यातील दाट चाळी, कल्याण-डोंबिवलीतून रोज खचाखच भरून निघणाऱ्या लोकल या साऱ्या परिसरात हा आजार परका नाही. म्हणून येथे गाठीचा प्रश्न ‘सौम्य की कर्करोग’ असा दोन पदांचा राहत नाही. क्षय हे तिसरे पद त्यात कायम उपस्थित असते आणि संख्येने पाहता कॅसलमन विकृतीपेक्षा कितीतरी अधिक संभाव्य असते. क्षयाची ग्रंथी सीटीत बहुधा मध्यभागी काळसर आणि कडेने उजळ दिसते, शेजारच्या ग्रंथींना चिकटलेली असते. पण प्रत्येक वेळी नाही. पेट-सीटीत ती लिम्फोमाइतकीच तेजस्वी दिसू शकते.

येथे एक सैद्धांतिक मुद्दा उपस्थित होतो. बॉस्टनमधील आणि कळव्यातील दोन रुग्णांच्या चित्रांत तसूभरही फरक नसला तरी त्या चित्रांचा अर्थ एक नसतो. कारण अर्थ चित्रात जितका असतो तितकाच तो चित्र जिथे वाचले जाते त्या समाजातील रोगांच्या प्रमाणातही असतो. संहितेचा अर्थ संदर्भाने ठरतो हे साहित्यसमीक्षेत रुळलेले तत्त्व येथे शब्दशः लागू पडते. प्रतिमा वाचून निदान सुचवणाऱ्या ज्या संगणकीय प्रणाली आज पुढे येत आहेत त्यांच्याबाबतही पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, त्यांना शिकवण्यासाठी वापरलेली चित्रे कोणत्या देशातील होती आणि त्यांत क्षयाच्या ग्रंथी किती होत्या.

सुसान सोंटॅग यांनी १९७८ मधील आपल्या प्रबंधिकेत क्षय आणि कर्करोग या दोन रोगांभोवती रचल्या गेलेल्या रूपकांची चिकित्सा केली. त्यांच्या समाजात क्षय हा मागे पडलेल्या शतकाचा रोग होता आणि कर्करोग वर्तमानाचा. ठाण्यात हे दोन्ही रोग एकाच काळात आणि कित्येकदा एकाच छायाचित्रावरील दोन शक्यता म्हणून नांदतात. कल्याणात जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर आठ वर्षांनी लागला. त्या काळी छाया नव्हती म्हणून निदान लक्षणांवर चाले. आज छाया आहे आणि लक्षणे विचारण्याकडे दुर्लक्ष होऊ लागले आहे. रात्रीचा घाम, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन, घरात कुणाला झालेला क्षय या चार प्रश्नांना कोणतेही यंत्र पर्याय ठरत नाही. त्यातील पहिले तिन्ही लिम्फोमातही आढळतात, त्यामुळे तेही एकट्याने पुरेसे नाहीत.

अहवालाची भाषा आणि तिचे वाचक

प्रतिमाशास्त्रज्ञाचा अहवाल ही एक विशिष्ट शैलीची संहिता आहे. ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘पॉसिबिलिटी ऑफ’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’, ‘क्लिनिकल कोरिलेशन’ ही तिची ठरावीक पदे. वरवर पाहता ती जबाबदारी टाळणारी वाटतात आणि अनेक सुशिक्षित वाचकही त्यांना छापील उपचार समजून ओलांडून जातात. वस्तुतः अहवालातील सर्वांत प्रामाणिक भाग तोच असतो. छायेची मर्यादा किती आहे याची कबुली त्या पदांत असते. दुर्दैवाने मराठीत भाषांतर होताना प्रथम गळतो तो नेमका हाच भाग. इंग्रजी अहवाल घरातील महाविद्यालयीन मुलामुलींनी वाचून आजीआजोबांना सांगायचा, ही आपल्याकडील सर्वपरिचित व्यवस्था होय. ‘लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्याचे ‘कॅन्सर निघाला’ होते, किंवा मायेपोटी ‘काही नाही, साधी गाठ आहे’ असेही होते. दोन्ही भाषांतरे चुकीची आहेत. शक्यता दर्शवणारी क्रियारूपे मराठीत विपुल आहेत. ‘असावे’, ‘असू शकेल’, ‘असण्याचा संभव आहे’ यांतील छटा कोणत्याही मराठी भाषकाला अंगवळणी असतात. भाषा येथे अपुरी पडत नाही. भीती भाषेला घाईने निश्चयार्थाकडे ढकलते.

या भीतीला लोकप्रिय कलेनेही हातभार लावला. १९७१ च्या ‘आनंद’ या हिंदी चित्रपटातील नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा झालेला असतो. तो आजार त्याच्या मृत्यूची निश्चिती म्हणूनच कथेत येतो. चित्रपटाची गुणवत्ता वादातीत आहे, परंतु त्यातून एका संपूर्ण पिढीला लसीका ऊतकाच्या अर्बुदाचा एकच शेवट ठाऊक झाला. ‘लिम्फोसार्कोमा’ ही संज्ञा पुढच्या वर्गीकरणांतून बाद झाली. तिच्या जागी कितीतरी वेगवेगळे लिम्फोमा आले, त्यांतील अनेक आज बरे होतात. पडद्यावरची संज्ञा मात्र स्मरणात टिकून राहिली.

दुसरी अडचण बायोप्सीविषयीच्या समजुतीची आहे. गाठीला सुई लावली की ती पसरते, हे वाक्य या परिसरात सर्व थरांत ऐकू येते. लसीकाग्रंथींच्या बाबतीत या भीतीला आधार नाही, आणि तिच्यापायी होणारे नुकसान मात्र खरे आहे. ऊतक न तपासता क्षयाची औषधे महिनोन्महिने घेतली जातात आणि दरम्यान लिम्फोमा वाढतो. किंवा सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिले जाते, ग्रंथी तात्पुरती वितळते आणि नंतर घेतलेल्या बायोप्सीतून काहीच निश्चित सांगता येत नाही. बारीक सुईने पेशी शोषून घेण्याची तपासणी स्वस्त व सुलभ म्हणून प्रथम केली जाते आणि क्षयाचे निदान तिच्यातून पुष्कळदा होतेही. कॅसलमन विकृती व अनेक प्रकारचे लिम्फोमा मात्र पेशींच्या रचनेवरून ओळखावे लागतात. सुईतून पेशी येतात, त्यांची रचना येत नाही. वाक्यातील शब्द सुटे करून पिशवीत भरून दिले तर अन्वय लावता येत नाही, तसेच हे आहे. म्हणूनच शक्य असेल तेथे पूर्ण ग्रंथी काढून तपासावी, असा संकेत आहे. पेट-सीटीचे सर्वांत निर्विवाद योगदान याच टप्प्यावर आहे. अनेक ग्रंथींपैकी कोणती अधिक क्रियाशील आहे आणि कोणत्या ग्रंथीपर्यंत शल्यविशारदाला सुरक्षितपणे पोहोचता येईल, हे ती दाखवते. सीटीचे योगदानही असेच व्यावहारिक आहे. झळाळणारी, ठळक वाहिन्यांची गाठ दिसली तर रक्तस्रावाची तयारी ठेवून शस्त्रक्रिया आखता येते.

मुंबईत ही सूक्ष्मदर्शकाची परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. ठाणे-कल्याणकडील रुग्ण मध्य रेल्वेने परळला उतरतो तेव्हा त्याच्या हातातील पिशवीत बहुधा चित्रफिती व सीडी असतात. काचपट्ट्या आणि पॅराफिनचे ठोकळे ज्या प्रयोगशाळेत बायोप्सी झाली तेथेच राहिलेले असतात. ते मागून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. चित्र जपून ठेवायचे आणि ऊतक विसरायचे, ही सवय प्रतिमेच्या प्रतिष्ठेतून आली आहे. दुसऱ्या तज्ज्ञाला फेरतपासणीसाठी लागतात त्या काचपट्ट्याच.

वर्गीकरणही स्थिर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मध्ये मांडल्या गेलेल्या पाचव्या आवृत्तीत कॅसलमन विकृतीला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले, तेही ‘अर्बुदसदृश विकृती’ या गटात. त्याच आवृत्तीत रोझाई-डॉर्फमन विकृती मात्र अर्बुदांच्या बाजूला गेली, कारण तिच्यातील काही रुग्णांत जनुकीय बदल सापडले होते. काल सौम्य प्रतिक्रिया मानलेली गाठ आज अर्बुद ठरली आणि कर्करोगाचे सोंग घेणारी गाठ अर्बुदाच्या उंबरठ्यावर थांबवली गेली. ‘अर्बुदसदृश’ हा शब्द मराठीला अवघड नाही, आणि अहवाल मराठीत समजावून सांगणाऱ्याला ‘कॅन्सर’ व ‘काही नाही’ या दोन टोकांमध्ये उभे राहण्यासाठी तो वापरता येण्यासारखा आहे.